दुसऱ्याचा श्वास

तोप्ग्याल सुटून आला, ही बातमी थार्चिनला आपल्या दुकानात कणीक मळता मळता कळली. सांगणारी होती वरच्या ओळीतली म्हातारी छोक्यी. रोज पहाटे तव्यावरची पहिली बालेप, जाड तिबेटी रोटी, तिची असायची आणि त्या तिबेटी वसाहतीतली पहिली बातमीही तिचीच.

"कालच्या बसनं उतरला म्हणे. मुदतीआधीच सोडला. उगाच नाही सोडला, टीबी झालाय. तोही साध्यासुध्या गोळ्यांना न जुमानणारा. नुसता सापळा राहिलाय!"

थार्चिनची बायको यांगकी तव्याशी उभी होती. हातातलं उलथनं तसंच राहिलं. करपल्याचा वास सुटला तेव्हा थार्चिननंच पुढे होऊन तवा खाली घेतला.

"मरू दे," यांगकी म्हणाली. "लवकर मरू दे."

"अगं, नवऱ्यासमोर तरी असं बोलू नकोस," छोक्यी हळूच म्हणाली. "त्याची साधना आहे."

थार्चिनची कणीक मळून झाली होती, तरी तो मळत राहिला.

तोप्ग्यालनं त्यांच्या पाल्जोरला मारलं त्याला नऊ वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा. तोप्ग्याल त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. याच घरात जेवायचा, थार्चिनला आखू म्हणजे काका म्हणायचा. लोसारचे, नव्या वर्षाचे दिवस होते. सगळी पोरं प्यायलेली. मोटारसायकल कुणी आधी न्यायची यावरून थार्चिनच्याच अंगणात दोघांची जुंपली आणि वाळलेलं मांस कापायची सुरी तोप्ग्यालच्या हातात होती. एवढंच. जीपनं मोठ्या दवाखान्यात नेताना, घाटातच, पाल्जोर बापाच्या मांडीवर गेला.

त्यानंतर थार्चिन कितीतरी दिवस तीच एक गोष्ट मनात घोळवत बसायचा: तुरुंगात जायचं, भेट मागायची आणि गजांतून हात घालून त्याचा गळा धरायचा. झोप उडाली, पोट बिघडलं. शेवटी शेजाऱ्यांनी त्याला धरून प्रार्थनागृहातल्या गेन समतेनकडे नेलं. म्हाताऱ्या भिक्षूनं त्याला उपदेश केला नाही. श्वास घ्यायला शिकवलं. श्वास आत घेताना दुसऱ्याचं दुःख काळ्या धुरासारखं आत ओढायचं आणि सोडताना आपल्याजवळ जे काही बरं असेल ते त्याच्याकडे जाऊ द्यायचं. वसाहतीत याला नुसतं देणं-घेणं म्हणत. आधी आईला समोर बसवायचं, मग मित्राला, मग पोस्टमनसारख्या कुणा ना नात्यातल्या ना गोत्यातल्या माणसाला आणि सगळ्यात शेवटी वैऱ्याला.

"आणि ते फक्त आसनावर नको," गेन समतेन म्हणाले होते. "बोट भाजलं तर म्हण, आज ज्यांची ज्यांची बोटं भाजली त्यांची आग माझ्याकडे येऊ दे. दवाखान्याच्या रांगेत पोर रडत असेल तर वैतागू नकोस, श्वास घे."

थार्चिननं ते धरून ठेवलं. गेन समतेन वारले तरी सोडलं नाही. रोज पहाटे, भट्टी पेटवायच्या आधी, भिंतीकडे तोंड करून बसायचा. वैऱ्यापर्यंत पोचायला वर्षं लागली. पण पोचला. त्याच्या मनातला तोप्ग्याल तुरुंगाच्या फरशीवर मान खाली घालून बसलेला असायचा, डोळ्यांत पश्चात्तापाचं पाणी असायचं. त्याचं दुःख थार्चिन आत घेई आणि त्याला क्षमेसारखं काहीतरी पाठवी. त्यानंतर हात हलके व्हायचे, कणीक छान मळली जायची. ही गोष्ट लोकांना कळली. प्रार्थनागृहात त्याचं उदाहरण देऊ लागले. थार्चिन नको नको म्हणायचा, पण ते ऐकायला त्याला आवडायचं.

बातमी आली त्या आठवड्यातच दवाखान्यातली नर्स सांगमो दुकानात आली. गिऱ्हाइकांची गर्दी होती. वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ती थार्चिनला पा-ला, म्हणजे बाबा, म्हणायची.

"पा-ला, दोन बालेप जास्तीच्या बांधा. खालच्या ओळीला कुणी जाणार असेल तर तोप्ग्यालच्या दारात ठेवून या. मी सकाळी इंजेक्शन द्यायला जाते, पण मला रोज स्वयंपाक करून न्यायला जमत नाही. उपाशी पोटी ही औषधं म्हणजे विष आहे."

 तोप्ग्यालची आई तो तुरुंगात असतानाच गेली होती, दुसरं कुणी नव्हतं. रांगेतला जो तो आपापल्या पायांकडे बघत होता.

"आमची बालेप त्याच्यासाठी नाही," यांगकी म्हणाली.

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा थार्चिनकडे वळल्या. त्या वळल्या नसत्या तर तो उठला असता का, हे त्याला पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही. त्यानं दोन बालेप कागदात बांधल्या, सांगमोनं दिलेला मास्क खिशात घातला आणि तो निघाला.

तोप्ग्यालचं घर ओळीच्या टोकाला, नदीच्या बाजूला होतं. दार उघडंच होतं. आतून खोकला येत होता. खोकला कसला, ओली लाकडं फोडावीत तसा आवाज. थार्चिननं मास्क चढवला, उंबरठ्यावर पुडी ठेवली, वाकून आत पाहिलं. अंधारात पलंगावर कुणीतरी होतं. तो झटकन वळला आणि ओळीतल्या सार्वजनिक नळापर्यंत जवळजवळ पळत आला. तिथं आल्यावर त्याची छाती फुटायला आली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दारापासून इथपर्यंत त्यानं श्वास घेतलाच नव्हता. रोखून धरला होता.

नळाचा कठडा धरून तो कितीतरी वेळ धापा टाकत उभा राहिला. कित्येक वर्षं या माणसाचं दुःख तो छाती भरभरून आत घेत होता. आज तो माणूस हातभर अंतरावर होता आणि त्याच्या खोलीतली हवासुद्धा त्याला नको झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो भिंतीकडे तोंड करून बसला. श्वास घेतला की त्या खोलीचा कोंदट, आंबट वास नाकात येई. मान खाली घातलेला, रडवेला तोप्ग्याल समोर येईना. तो उठला, बालेप बांधल्या आणि पुन्हा गेला. या वेळी उंबरठा ओलांडला.

"कोण?" पलंगावरून आवाज आला.

"थार्चिन."

"कोण?"

"थार्चिन!"

"ऐकू येत नाही रे! या इंजेक्शनांनी कान खाल्ले माझे. ओरडून बोल."

थार्चिननं मास्क जरा खाली केला आणि ओरडला, "पाल्जोरचा बाप!"

शेजारच्या घरात भांड्यांचा आवाज थांबला. सगळ्या ओळीनं ते ऐकलं होतं.

तोप्ग्याल कोपरावर उठून बसला. डोळे खोल गेलेले, गळ्याची हाडं खुंट्यांसारखी वर आलेली. तो हसला.

"मारायला आलास, आखू? मग आटप. इंजेक्शनापेक्षा बरं."

"खायला आणलंय!"

"आं?"

"खायला!"

"चावत नाही मला. चहात बुडवून दे."

थार्चिननं चूल पेटवली, लोणी आणि मीठ घालून चहा केला, बालेपचे तुकडे त्यात बुडवले. तोप्ग्यालनं थोडं खाल्लं, थोडं ओकला. थार्चिननं ते पुसलं. थुंकीचा डबा भरला होता, तो सांगमोनं सांगितलं होतं तसं औषधाचं पाणी घालून रिकामा केला. खिडकी उघडी टाकली. घरी येऊन त्यानं अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात टाकले आणि कातडी लाल होईतो हात धुतले.

असं रोज होऊ लागलं. तोप्ग्यालनं एकदाही बरं बोलून दाखवलं नाही. चहात मीठ कमी आहे, उशी टोचते, कालच्यापेक्षा आज उशीर का केला. एकदा म्हणाला, "तुला पुण्य हवंय ना? सगळ्या वसाहतीला माहीत आहे तू किती मोठा साधक आहेस ते. माझ्या खोकल्यावर पुण्य कमावतोस तू, आखू. मला दुवा दे."

थार्चिनच्या कानशिलांत रक्त चढलं, कारण ते सगळं खोटं नव्हतं. त्यानं डबा उचलला आणि बाहेर नेला.

इकडे दुकानातली रांग आटत चालली. आधी लहान पोरं असलेल्या घरांनी बालेप न्यायचं बंद केलं. कुणी भांडलं नाही. "आज घरात भात आहे", "मुलाला मैदा सोसत नाही", अशी कारणं. मग छोक्यीही येईनाशी झाली. प्रार्थनागृहात ज्यांनी त्याचं कौतुक केलं होतं, ते प्रदक्षिणेच्या वाटेवर तो दिसला की पलीकडच्या कडेनं जाऊ लागले. यांगकीनं त्याचं अंथरूण सरपणाच्या खोलीत टाकलं. त्याची वाटी, त्याचा पेला, सगळं वेगळं केलं.

"लोक वेडे आहेत का?" ती म्हणाली. "ज्या हातांनी त्याचे बेडके उपसतोस त्याच हातांनी कणीक मळणार आणि ती त्यांनी खायची? तुझं काय घेणं-देणं आहे त्या खुन्याशी?"

"मी हात धुतो, यांगकी. आणि सांगमो म्हणते की खाण्यातून..."

"सांगमो म्हणते! सांगमोचा पोरगा नाही मेला."

एके दिवशी, ऊन बरं पडलं होतं म्हणून, थार्चिननं तोप्ग्यालला आधार देऊन खिडकीशी बसवलं. वारा पाठीमागून येईल असा स्वतः बसला. तोप्ग्याल जरा शांत दिसत होता. इतक्या दिवसांत थार्चिननं पाल्जोरचं नाव पहिल्या भेटीनंतर काढलं नव्हतं. आज त्याला राहवलं नाही.

"त्या दिवशी," तो ओरडला, कारण दुसरा उपाय नव्हता, "शेवटी काय म्हणाला तो तुला?"

"कोण?"

"पाल्जोर!"

तोप्ग्यालनं नदीकडे पाहिलं. मग खांदे उडवून म्हणाला, "मला काही आठवत नाही, आखू. खरंच सांगतो. मोटारसायकल आठवते. नंतर पोलीस चौकीतली थंडगार फरशी आठवते. मधलं काही नाही. लोक म्हणतात मी मारलं, म्हणजे मारलं असणार."

"पण वाईट तरी वाटतं ना तुला?"

"जे आठवत नाही त्याचं काय वाईट वाटणार? आई मेली त्याचं वाटतं. कान गेले त्याचं वाटतं."

थार्चिन उठला. तोप्ग्यालच्या सदऱ्याची गळपट्टी आपल्या मुठीत कधी आली ते त्याला कळलं नाही. मुठीखाली ती गळ्याची हाडं लागली. नुसतं दाबायचं होतं. तोप्ग्यालनं हात वर केला नाही, फक्त डोळे मिटले. थार्चिननं मूठ सोडली आणि पाण्याचं भांडंही जवळ न ठेवता तो तिथून निघाला.

घरी येऊन तो यांगकीसमोर उभा राहिला. 

"आता मी जाणार नाही," तो म्हणाला. "त्याला पश्चात्ताप नाही. काडीचा नाही. इतकी वर्षं मी ज्याचं दुःख घेत होतो तो माणूसच नव्हता तिथं. मीच बनवला होता."

त्याला वाटलं होतं, यांगकीला बरं वाटेल. ती सुपातले तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"नऊ वर्षं रोज पहाटे तू भिंतीकडे तोंड करून बसायचास," ती म्हणाली. "आधी आईचं दुःख, मग मित्राचं, मग पोस्टमनचं. पोस्टमनचं! मग त्याचं. मी तुझ्या पाठीमागे अंथरुणात पडलेली असायचे. तोंडात गोधडी कोंबून रडायचे, तुझी साधना मोडू नये म्हणून. माझं कधी घेतलंस रे?"

थार्चिन तिच्याकडे बघत राहिला.  आई, मित्र, परका, वैरी, या सगळ्या नावांत ती कुठं बसते हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. ती घरातली होती. घरातलं माणूस समोर बसवायचं असतं, हे त्याला सुचलं नव्हतं.

"यांगकी..."

"जा आता. तांदळात खडे आहेत, मला दिसू दे."

पुढचे काही दिवस तो सरपणाच्या खोलीत पडून राहिला. ध्यानाला बसला की आत नुसता राग भरून यायचा. तोप्ग्यालचा राग, लोकांचा राग आणि स्वतःची किळस. गेन समतेन म्हणायचे की दुसऱ्याचं घेता येत नसेल तेव्हा स्वतःपासून सुरुवात कर, आपल्याच आत जे जळतंय तेच श्वासाबरोबर घे. त्यानं तेही करून पाहिलं. जमलं असं म्हणता येणार नाही. पण निदान आता तो मनानं माणूस बनवत नव्हता.

मग एका सकाळी सांगमो दारात आली. आत आली नाही.

"पा-ला, तुम्ही का येत नाही ते मी विचारत नाही. पण त्यानं गोळ्या थांबवल्या आहेत. इंजेक्शनालाही हात देत नाही. मला दुसऱ्या पेशंटकडे जायचंय. नुसतं बघून तरी या."

यांगकी चुलीशी होती. तिनं ऐकलं, पण जा म्हणाली नाही आणि जाऊ नकोसही म्हणाली नाही.

थार्चिन पोचला तेव्हा तोप्ग्याल जमिनीवर होता. पाण्याच्या हंड्याकडे जाताना पडला असावा. तोंडातून रक्त येत होतं, लालभडक, फेसाळ, आणि खोकल्याच्या प्रत्येक उबळीसरशी आणखी येत होतं. थार्चिननं शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "सांगमोला बोलवा! कुणीतरी धावा!" कुणाचीतरी पावलं पळत गेली. तो खाली बसला, त्यानं तोप्ग्यालला उचलून आपल्या छातीशी टेकवलं, रक्त घशात अडकू नये म्हणून त्याला पुढे झुकवलं. मास्क रक्तानं भिजून नाकातोंडाला चिकटला. श्वास येईना. त्यानं तो ओढून फेकून दिला.

"आखू," तोप्ग्याल म्हणाला. ऐकू येत नसल्यामुळे तो एरवी मोठ्यानं बोलायचा, आता आवाजच नव्हता. "आखू, श्वास येत नाही. भीती वाटते."

लहानपणी अंधारात नळावर पाणी भरायला जाताना तो असाच बाही धरायचा. आताही त्यानं बाहीच धरली होती. बोलून त्याला ऐकू जाणार नव्हतं. थार्चिननं काळा धूर आठवला नाही, क्षमा पाठवली नाही. तो फक्त श्वास घेत राहिला, खोल, सावकाश, छाती तोप्ग्यालच्या पाठीला लागेल असा, म्हणजे निदान त्याच्या पाठीला कळावं की श्वास असा घ्यायचा असतो. थोडा वेळ तोप्ग्याल त्याच्याबरोबर प्रयत्न करत होता. मग रक्ताची मोठी उबळ आली आणि त्यानंतर थार्चिन एकटाच श्वास घेत होता.

सांगमो धावत आली तेव्हाही तो तसाच बसला होता. तिनं नाडी पाहिली, मग थार्चिनच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. "पा-ला, मास्क कुठंय?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता तिनं त्याची बाही मेलेल्याच्या मुठीतून सोडवली.

अंत्यविधीसाठी ज्योतिष्यानं परवाचा दिवस दिला. प्रार्थनागृहातले दोन भिक्षू आले, सांगमो आली, खालच्या ओळीतले दोन म्हातारे लाकडं घेऊन आले. बाकी कुणी नाही. नदीकाठी लाकडं ओली होती, धूर फार झाला. थार्चिन धुराच्या बाजूनं उभा राहिला आणि खोकला. त्या आवाजानं म्हाताऱ्यांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. सांगमोनं आधीच सांगितलं होतं: काही महिने दर थोड्या दिवसांनी तपासणी, तोवर लोकांत मिसळायचं नाही, कणकेला हात लावायचा नाही.

तो घरी आला तेव्हा दुपार कलली होती. दुकानाची फळी लावलेली. यांगकी मागच्या अंगणात, उन्हात, पाय पसरून बसली होती. समोर काही काम नव्हतं. तो तिच्यापासून जरा लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसला.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं."

"आम्हाला कुणी बोलावलं नाही, बरं केलं. मी आले नसते."

"माहीत आहे."

 मग थार्चिन म्हणाला, "यांगकी, पाल्जोर गेला त्या दिवसाचं मला सांग. तुझं. मी जीपमध्ये होतो. तू इथं होतीस. मी तुला कधी विचारलं नाही."

"आता कशाला? आता वैरी संपला म्हणून?"

"नाही. तू म्हणालीस म्हणून."

ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. मग बोलायला लागली. जीप गेल्यावर अंगणातलं रक्त तिनं एकटीनं धुतलं, कारण लोसारचे पाहुणे दारात उभे होते आणि कुणालाच कळत नव्हतं काय करावं. कुत्री येत होती, त्यांना ती दगड मारत होती. दगड मारता मारता तिला वाटत होतं की पोरगा वाचेल, म्हणून तिनं त्याच्यासाठी हाडांचं सूप चढवलं. जीप परत आली तेव्हा सूप उकळत होतं. त्यानंतर कितीतरी दिवस लोक थार्चिनला धरून धरून नेत होते, थार्चिन वेडा होईल, थार्चिन खून करेल, थार्चिनला सांभाळा. तिला कुणी धरलं नाही. ती शहाणी होती, बालेप भाजत होती. सांगता सांगता तिचा आवाज चढला. त्याला ती वाट्टेल ते बोलली. साधू, ढोंगी, दगड. शेजारच्या अंगणात कुणीतरी दार लावून घेतलं.

थार्चिनला उठून जावंसं वाटत होतं. त्या कोंदट खोलीत वाटलं नव्हतं एवढं वाटत होतं. पाय आखडले होते, घसा धुरानं जळत होता. डोळे मिटून भिंतीकडे वळावं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. तो डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत बसून राहिला. ती रडली तेव्हाही त्यानं जवळ जायचा प्रयत्न केला नाही, कारण जायला मनाई होती आणि तिनं बोलावलंही नव्हतं.

ऊन अंगणातून सरकून भिंतीवर गेलं. यांगकीनं पदरासारखा पुढे बांधलेला पट्ट्यापट्ट्यांचा पांगदेन उचलून नाक पुसलं.

"सगळं नाही झालं अजून," ती म्हणाली.

"उद्या सांग."

"उद्याचं उद्या बघू. तू लांबच बस." ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि थार्चिनसाठी पाणी गरम करायला आत गेली, कारण त्याच्या अंगाला अजून चितेचा वास येत होता.